भाऊंचं लायसन्स आणि वहिनींचं कालनिर्णय

संपादकांनी या अंकासाठी "यंदा प्रवासवर्णन नको, काहीतरी उपयोगी लिहा" अशी गळ घातली, तेव्हा आम्ही दोघांनी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. मग लक्षात आलं की, उपयोगी म्हणावी अशी एक गोष्ट आमच्या डायनिंग टेबलावर वर्षभर पसरलेली होती. ती आमची नाही, आमच्या स्नेह्यांची आहे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून इथेही भाऊच म्हणू. त्यांची परवानगी घेतली आहे. वहिनींची तर आधी घेतली, कारण या गोष्टीतला मुख्य साक्षीपुरावा त्यांचाच.

मंडळी, आपल्याकडे आता सगळेच काही इंजिनिअर किंवा डॉक्टर होऊन इथे येत नाहीत. भावाबहिणींनी बोलावलं, नंबर लागला, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर येणारेही पुष्कळ आहेत. भाऊ त्यातलेच. नाशिकला मामांच्या हाताखाली पंधरा वर्षं बांधकामं केली. मामांचा व्यवसाय २००९ साली बंद झाला, मग हार्डवेअरचं दुकान चालवलं आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात आले. २०१७ च्या मे महिन्यापासून सॅन होझेमधल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे काम सुरू केलं. किचन, बाथरूम, गराजची खोली करणं, भिंती पाडणं, भिंती उभ्या करणं. हात इतका साफ की, आमच्या बाथरूमच्या टाइल्स लावल्या तेव्हा आमच्या शेजाऱ्याने येऊन फोटो काढले.

२०२१ च्या सप्टेंबरात भाऊंनी स्वतःच्या लायसन्ससाठी अर्ज केला. तेव्हा वय पन्नास, उजवा खांदा दुखत होता, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर. "दुसऱ्याच्या हाताखाली अजून दहा वर्षं खांदा चालायचा नाही," असं त्यांचं साधं गणित होतं. २०२२ च्या मार्चमध्ये बोर्डाचं पत्र आलं. अर्ज नामंजूर.

इथे थोडं नियमांचं बोलायला हवं. (आम्ही वकील नाही. जे वाचलं आणि पाहिलं ते लिहितो. आपल्या बाबतीत वकिलाला विचारावं.) कॅलिफोर्नियात बांधकामाच्या लायसन्सचा कारभार कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे असतो. ही व्यवस्था १९२९ पासूनची आहे. मजुरी आणि सामान मिळून ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचं काम लायसन्सशिवाय घेता येत नसे. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १,००० डॉलर झाली, पण परमिट लागणारं काम असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल, तर ती सवलत नाही. एकाच कामाचे तुकडे करून प्रत्येक बिल मर्यादेखाली आणायची युक्तीही चालत नाही. आणि विनालायसन्स काम केलं, तर तो गुन्हा तर आहेच, शिवाय गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत. उलट, दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, काम कितीही चांगलं झालेलं असो. "अहो, आपलीच माणसं आहेत, कशाला लायसन्स?" असं म्हणणाऱ्यांनी, काम देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही, हे वाक्य दोनदा वाचावं.

लायसन्ससाठी गेल्या दहा वर्षांतला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, आणि तोही 'जर्नीमन' पातळीचा. म्हणजे कुणी पाठीशी उभं न राहता जो आपलं काम पूर्ण करू शकतो, असा पक्का कारागीर. त्याच्या वरचे फोरमन, सुपरवायझर, कॉन्ट्रॅक्टर म्हणून केलेलं कामही चालतं. शिकाऊ किंवा हेल्पर म्हणून घालवलेला काळ धरत नाहीत. इंजिनिअरिंगची किंवा आर्किटेक्चरची पदवी असेल, तर शिक्षणासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळू शकते, म्हणजे निदान एक वर्ष प्रत्यक्ष काम हवंच. भाऊंकडे पदवी नव्हती. नाशिकची पंधरा वर्षं २००९ ला संपलेली, म्हणजे दहा वर्षांच्या चौकटीबाहेर. उरली सॅन होझेची सव्वाचार वर्षं. कागदावर पुरेशी होती. पण कागद होता कुठे?

२०१७ च्या मेपासून २०१८ च्या डिसेंबरपर्यंत त्यांना पगार रोख मिळत होता. २०१९ च्या जानेवारीपासून रीतसर चेक आणि वर्षअखेर डब्ल्यू-२ फॉर्म. मालक म्हणाले, "जेवढं पेरोलवर आहे तेवढ्यावर सही करतो. आधीचं मला विचारू नका." का, ते सांगायला नको. मग भाऊंनी बरोबरच्या एका कारागिराला गाठलं. अनुभवाच्या फॉर्मवर तारखा भाऊंनी भरल्या, त्याने खाली सही केली. हा फॉर्म खोटं बोलल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य करून सही करायचा असतो, हे दोघांपैकी कुणीही नीट वाचलं नाही. आपल्याकडे गॅझेटेड ऑफिसरची सही घ्यायला जातो त्या हिशेबाने घेतलेली सही ती.

बोर्ड सगळ्या अर्जांची खोलवर चौकशी करत नाही, पण ठरावीक प्रमाणात अर्ज तपासायचेच असतात. भाऊंचा त्यात निघाला. चौकशी अधिकाऱ्याने त्या कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "मी त्यांना दोनएक वर्षं ओळखतो." फॉर्मवर सही मात्र चार वर्षांवर! मग भाऊंना फोन आला. सुरुवातीला काय काम करत होतात? भाऊ म्हणाले, "आय वॉज हेल्पिंग हिम."

आता बघा. आपण घर एकहाती बांधलं तरी "थोडी मदत केली" म्हणतो. ही आपली रीत. पण या धंद्यात 'हेल्पर' हा शब्द नुसता विनय नसतो, तो एक दर्जा असतो, आणि त्या दर्जाचे महिने मोजत नाहीत. भाऊंनी एका वाक्यात आपला स्वतःचा कितीतरी अनुभव खोडून टाकला.

नामंजुरीच्या पत्रात दोन कारणं होती. पहिलं, चार वर्षांचा अनुभव सिद्ध झाला नाही. दुसरं, अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली. पहिलं वाचून भाऊ गप्प झाले. दुसरं वाचून ते दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनींनी नंतर सांगितलं. बोर्डाचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावरून दुसरं काय लिहिणार?

त्या रविवारी दोघं आमच्याकडे आले. मंडळाच्या पॉटलकमध्ये ही बातमी आधीच पोचलेली होती, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. एक गृहस्थ, स्वभावाने अगदी सज्जन, म्हणाले, "माझा भाचा कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याची सही घेऊ चार वर्षांवर. कोण विचारतंय?" आम्ही काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "एकदा विचारलंय की त्यांनी." तो विषय तिथेच संपला.

पत्रात लिहिलं होतं की ६० दिवसांच्या आत लेखी मागणी केली तर सुनावणी मिळेल, नाहीतर तो हक्क सोडून दिला असं धरलं जाईल. हे ६० दिवस पत्र आपण फोडल्यापासूनचे नव्हेत, नोटीस बजावल्यापासूनचे. टपालाने आलेल्या पत्रावरची तारीख धरून चालावं हे बरं. भाऊंच्या पत्राला आमच्यापर्यंत यायला तीन आठवडे लागले होते, कारण ते त्यांनी कुणाला दाखवलंच नव्हतं. आम्ही मागणी पोचपावतीच्या टपालाने पाठवली आणि प्रत फायलीत लावली. मागणीत फार काही लिहायचं नसतं. नामंजुरी मान्य नाही, सुनावणी हवी, अर्जाचा नंबर, सही. बाजू मांडायची वेळ पुढे येते.

पण अपील करावं का, यावर आमच्या घरात खरा वाद झाला, आणि तो इथे लिहिणं आम्हाला जरूर वाटतं. नामंजुरीनंतर पुन्हा अर्ज करायला साधारण एक वर्षाची अट असते. अपील केलं नाही, तर हे वर्ष नोटिशीपासून मोजतात. अपील करून हरलो, तर अंतिम निर्णय लागू झाल्यापासून. बोर्डाला ती मुदत कमी करता येते, पण करेलच असं नाही. आमच्यापैकी एकाने कागदावर हिशेब मांडला. भाऊंची पेरोलवरची नोकरी जानेवारी २०१९ पासूनची. म्हणजे जानेवारी २०२३ ला नुसत्या डब्ल्यू-२ वर चार वर्षं भरतात. मार्च २०२३ ला नवा अर्ज करता येईल, रोखीचे महिने काढायचीच गरज नाही. मग अपिलाचा खटाटोप कशाला?

हिशेब बिनतोड होता. भाऊंनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. वहिनी म्हणाल्या, "लायसन्स उशिरा मिळालं तरी चालेल. पण ते दुसरं वाक्य तसंच राहिलं तर पुढच्या अर्जातही ते आमच्या मागे येणार ना?" त्या बरोबर होत्या. अनुभव अपुरा असणं ही उणीव आहे, वेळ गेला की भरून निघते. खोटेपणाचा शिक्का वेळाने पुसत नाही. अपील करायचं ठरलं.

पुढचा प्रकार असा. मागणी गेल्यावर प्रकरण राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कचेरीकडे जातं आणि नामंजुरीची कारणं मांडणारा रीतसर दस्तऐवज तयार होतो. त्याला 'स्टेटमेंट ऑफ इश्यूज' म्हणतात. सुनावणी बोर्डापुढे होत नाही. ऑफिस ऑफ अॅडमिनिस्ट्रेटिव्ह हिअरिंग्ज नावाचं वेगळं खातं आहे, तिथल्या न्यायाधीशापुढे होते. बोर्डाच्या बाजूने सरकारी वकील असतो. आपण वकील द्यायलाच हवा असं नाही, पण सरकार फुकट वकील देत नाही. भाऊंनी एका वकीलबाईंचे तीन तास विकत घेतले आणि बाकी स्वतः उभे राहिले. त्या तीन तासांत बाईंनी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवली: लायसन्स मागणारे तुम्ही, म्हणून तुम्ही पात्र आहात हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. त्यांनी चूक दाखवायची नाही, तुम्ही पुरावा दाखवायचा.

आणि पुरावा म्हणजे काय? दुसऱ्याने लिहिलेली पत्रं ऐकीव पुराव्यात मोडतात. अशा सुनावणीत ती दाखल होतात, दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालतात, पण हरकत घेतली तर नुसत्या त्यांच्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. म्हणजे "भाऊ फार कष्टाळू आहेत" अशी आम्ही गोळा केलेली अकरा पत्रं ही शोभेची वस्तू होती. माणूस स्वतः येऊन शपथेवर बोलला तर किंमत. तसं जमत नसेल, तर प्रतिज्ञापत्र सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी दुसऱ्या बाजूला द्यावं लागतं, म्हणजे त्यांना उलटतपासणी मागता येते.

मग आमच्या टेबलावर कागदांची रास पडली. भाऊंनी काम केलेल्या घरांची परमिटं आणि तपासणीच्या तारखा शहराच्या बांधकाम खात्यातून मिळवल्या. बँकेची स्टेटमेंटं काढली. रोख पगार भाऊ दर शुक्रवारी बँकेत भरत असत, हे त्यांचं भाग्य. लाकूड आणि ड्रायवॉलच्या दुकानाच्या पावत्या निघाल्या, काहींवर भाऊंचीच सही. फोनमधले फोटो होते, पण त्यांत फक्त भिंती. माणूस कुठेच नाही! आपण केलेल्या कामाचा फोटो काढताना भाऊ स्वतः बाजूला होत.

आणि मग वहिनींनी कालनिर्णय आणली. २०१७ ची आणि २०१८ ची. बहीण दरवर्षी नाशिकहून पाठवते. एकादशी, संकष्टी, प्रदोष यांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: दूध, घरभाडं, मुलीचा डेंटिस्ट, आणि भाऊंचं काम. "सनीवेल, फ्रेमिंग, ६ वाजता आले." "किचन, प्लंबिंग, एकटेच." "मालक गावाला, भाऊंनी इन्स्पेक्टर सांभाळला." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. नाशिकला असताना दुधाचे खाडे मांडायची सवय, ती इथेही सुटली नाही, बस्स.

पण म्हणून सगळं सुटलं असं समजू नका. नोंदी मराठीत, त्यांचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागलं, त्याला पैसे पडले. शिवाय 'मदतीला गेले' अशा नोंदीही होत्या, बऱ्याच. भाषांतरकाराने त्या जशाच्या तशा उतरवल्या. "तेवढी पानं देऊ नयेत का?" असं आमच्या मनात येऊन गेलं, हे कबूल करतो. वहिनींनी अख्खी कॅलेंडरं दिली.

सुनावणी २०२२ च्या डिसेंबरात, व्हिडिओवर झाली. भाऊंनी दुभाषी मागून घेतला होता. अशी सोय मागता येते आणि मागावी, इंग्रजी येत असलं तरी. भाऊंना इंग्रजी येतं, पण अडचणीत सापडले की ते प्रत्येक प्रश्नाला आधी "येस, येस" म्हणतात, आणि ते 'येस' म्हणजे 'ऐकू आलं' इतकंच असतं. शिवाय आपली ती मान हलवणं. न्यायाधीशांनी दोनदा सांगितलं की मान हलवू नका, तोंडाने उत्तर द्या.

सरकारी वकिलाने विचारलं, "फॉर्मवरच्या तारखा कुणी लिहिल्या?" भाऊ म्हणाले, "मी." "त्याने सही करण्याआधी वाचल्या का?" "नाही वाटत." "तुम्ही त्याला वाचायला सांगितलंत का?" बराच वेळ शांतता. मग, "नाही. सांगायला हवं होतं." आम्ही प्रेक्षकांच्या खिडकीत होतो. आम्हाला वाटलं, संपलं. आता वाटतं, तिथेच काम झालं.

वहिनींची साक्ष पाऊण तास चालली. नोंदी कधी लिहीत होतात? रोज रात्री, भांडी झाल्यावर. कशासाठी? वहिनींनी दुभाष्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कशासाठी म्हणजे? लिहायच्या असतात." दुभाष्याने हे कसं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं.

न्यायाधीशांचा प्रस्तावित निर्णय आधी बोर्डाच्या रजिस्ट्रारकडे जातो. तो स्वीकारला की अंतिम होतो. भाऊंच्या बाबतीत तो २०२३ च्या एप्रिलमध्ये लागू झाला. अपील फेटाळलं. पेरोलवरची दोन वर्षं नऊ महिने मान्य. रोखीच्या वीस महिन्यांपैकी जिथे परमिट, बँकेतला भरणा आणि कॅलेंडर तिन्ही जुळले, ते सात महिने मान्य. बाकीचे हेल्परचे, किंवा अपुऱ्या पुराव्याचे. एकूण तीन वर्षं चार महिने. आठ महिन्यांनी हुकलं. पण दुसऱ्या मुद्द्यावर निर्णय स्पष्ट होता: तारखा निष्काळजीपणे भरल्या, तरी फसवण्याच्या हेतूने खोटं लिहिलं असं सिद्ध होत नाही. ते कारण काढून टाकलं.

पुढे ३० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, आणि त्यापुढे सुपिरियर कोर्टात दाद मागता येते. पण कोर्ट सहसा झालेल्या सुनावणीचं दप्तरच तपासतं, नव्याने साक्षी घेत नाही. भाऊंनी दोन्ही केलं नाही. एप्रिल २०२४ पर्यंत थांबले, त्याच मालकाकडे पेरोलवर. आमच्या कागदावरच्या हिशेबापेक्षा तेरा महिने जास्त. तो कागद अजून त्यांच्या पाकिटात आहे.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण दोघा-तिघांनी आम्हाला एकीकडे घेऊन विचारलं. जुन्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे अर्ज नाकारला तर? तिथे १ जुलै २०२० पासून नियम बदलला आहे. गंभीर प्रकारचे काही गुन्हे सोडले, तर सात वर्षांपूर्वीच्या शिक्षेवरून नाकारता येत नाही, आणि अलीकडची असली तरी तिचा या धंद्याशी ठोस संबंध असावा लागतो. माणूस सुधारला याचा पुरावा विचारात घ्यावा लागतो, आणि सरळ नकार देण्याऐवजी अटींवर लायसन्स देण्याचीही तरतूद आहे. अशा सुनावणीला मात्र वकील घेऊनच जावं.

दुसऱ्या वेळी भाऊंनी सर्वसाधारण बांधकामाच्या 'बी' वर्गाऐवजी 'बी-२' मागितला. हा घरांच्या नूतनीकरणाचा वर्ग २०२१ पासून आला. त्यात नव्या इमारतीचा सांगाडा उभारल्याचा अनुभव लागत नाही, असलेल्या घरातली निदान तीन वेगवेगळी कामं एका प्रकल्पात करणाऱ्यांसाठी तो आहे. भाऊंचं काम नेमकं तेच. या वेळी अनुभवाच्या फॉर्मवर सही मालकांची, तारखाही मालकांनी स्वतः लिहिल्या, भाऊ समोर हातसुद्धा न लावता बसून होते. कायदा आणि व्यवसायाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, ट्रेडच्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास. मुलीने महिनाभर प्रश्न विचारून विचारून घोकंपट्टी करून घेतली. बोटांचे ठसे झाले, २५,००० डॉलरचा बॉण्ड झाला (एवढी रक्कम भरायची नसते, तिचा वार्षिक हप्ता असतो), आणि २०२४ च्या नोव्हेंबरात लायसन्सचं कार्ड आलं.

पहिलं काम आमच्याच गल्लीतल्या एका घराचं मिळालं. भाऊंनी लेखी करार आणला, त्यावर लायसन्स नंबर, आणि घरमालकांना म्हणाले, "आधी बोर्डाकडे नंबर तपासा, मग सही करा." घरमालक आपलेच, कोल्हापूरचे. ते म्हणाले, "अहो भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे." भाऊ सही घ्यायलाच तयार होईनात. शेवटी त्यांनी नंबर तपासला, मग चहा झाला.

२०२५ चं कालनिर्णय भाऊंनी गराजमध्ये, हत्यारांच्या फळीवर टांगलं. त्यातल्या नोंदी अजून वहिनीच लिहितात, पण आता पेनाने.